‘हे इथेही घडू शकतं’

इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेत मी दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम करते. रोजचा सव्वा तास. डबे उघडून द्यायचे, सांडलेलं पुसायचं, मैदानात पडलेल्यांना उठवायचं. एवढ्या कामासाठी आधी माझं पोलीस रेकॉर्ड तपासलं गेलं (इथे सगळे त्याला ‘डीबीएस’ म्हणतात), जुन्या दोन ठिकाणांहून माझ्याबद्दल लेखी अभिप्राय मागवले गेले आणि मी भारतात राहिलेली असल्यामुळे तिथल्या पोलिसांचाही दाखला आणावा लागला. महिना-दीड महिना त्यातच गेला. तेव्हा मला हे अती वाटलं होतं, अपमानही वाटला होता.

पहिल्या दिवशीच्या प्रशिक्षणात तो राग गेला. शाळांसाठी इथे ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ नावाची सरकारी मार्गदर्शिका आहे. मुलांच्या सहवासात काम करणाऱ्या प्रत्येकाला तिचा पहिला भाग वाचावाच लागतो, मग तो गणिताचा शिक्षक असो की माझ्यासारखी बाई. त्यातलं एक वाक्य आमच्या बाईंनी दोनदा वाचून दाखवलं. हे इथेही घडू शकतं, असं धरून चला. हे, म्हणजे मुलांवरचा अत्याचार. इथेही, म्हणजे ह्याच शाळेत, ह्याच चांगल्या माणसांमध्ये. ‘आमच्याकडे असलं काही होत नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय, की त्याच्या बरोबर उलटं बोलणारी शाळा बघून मी जरा गप्पच झाले.

हे शहाणपण ह्या देशाला फुकट मिळालेलं नाही. ऑगस्ट 2002 मध्ये केंब्रिजशायरमधल्या सोहम गावात दहा वर्षांच्या दोन मैत्रिणींचा खून झाला. खुनी गावातल्याच माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याविरुद्ध आधीच्या गावी वेगवेगळ्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या होत्या, पण त्या कुणी एकत्र मांडून पाहिल्या नव्हत्या. नोकरी देताना त्याची तपासणी झाली तीही त्याने घेतलेल्या दुसऱ्या आडनावाने. जून 2004 मध्ये ह्या प्रकरणावरच्या बिचर्ड चौकशीचा अहवाल आला, त्यातून अशा तपासण्यांचा 2006 चा कायदा झाला आणि 2012 च्या अखेरीस ती तपासणी करणारी आजची डीबीएस ही संस्था उभी राहिली. तरी सगळं सुधारलं असं नाही. बाललैंगिक शोषणावरच्या राष्ट्रीय चौकशीचा शेवटचा अहवाल 2022 च्या ऑक्टोबरमध्ये आला. नामांकित शाळांनी, चर्चनी आपलं नाव जपायला मुलांना कसं वाऱ्यावर सोडलं, हे त्या चौकशीत पानोपानी आहे. अब्रूची भीती आपलीच मक्तेदारी नाही.

मला खरं सांगायचंय ते मात्र तपासणीबद्दल नाही. जो कधी पकडला गेलाच नाही त्याचं रेकॉर्ड कोरंच असतं. मुलं वाचतात ती त्यानंतरच्या साध्या गोष्टींमुळे. आमच्या शाळेत दारापाशी, स्टाफरूममध्ये, अगदी टॉयलेटच्या भिंतीवरही दोन शिक्षिकांचे फोटो आहेत. काही खटकलं तर सांगायचं ते ह्यांना. एक रजेवर असली तर दुसरी असते. खात्री असायची गरज नाही, पुरावा शोधायचा नाही, आपण चौकशी करायची नाही. खटकलं, लिहिलं, त्याच दिवशी दिलं. एकीने मूल घाबरलेलं पाहिलेलं असतं, दुसऱ्याने त्याचं घरी जायला रडणं पाहिलेलं असतं. हे तुकडे जुळवणं त्या दोघींचं काम.

एकदा ते माझ्यावर आलं. ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. एक मूल बाकावर माझ्याशेजारी येऊन बसलं आणि म्हणालं, ‘‘मिस, एक सांगितलं तर कुणाला सांगणार नाहीस ना?’’ माझ्या ओठांवर ‘नाही रे बाळा’ आलंच होतं. प्रशिक्षणात हेच नको म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, ‘‘तू सांग, मी ऐकते. पण तुला सुरक्षित ठेवायला लागलं तर मला एका बाईंना सांगावं लागेल.’’ ते बराच वेळ बुटाने माती उकरत राहिलं. मला वाटलं, गेलं, आता नाही सांगणार. मग सांगितलं.

त्याने काय सांगितलं ते माझ्याजवळच राहील. ‘कोणी केलं?’, ‘त्याने असं केलं का?’ असे प्रश्न मी विचारले नाहीत. आपण शब्द तोंडात घातले की मुलाचे स्वतःचे शब्द हरवतात आणि पुढे कोर्टात त्यांचाच आधार असतो. ‘‘अजून काही सांगायचंय?’’ आणि ‘‘सांगितलंस ते फार चांगलं केलंस,’’ एवढंच बोलले. सुट्टी संपायच्या आत बदली माणूस बोलावून ऑफिसात गेले, तारीख, वेळ, जागा घातली, त्याचे तोडकेमोडके शब्द जसेच्या तसे लिहिले, सही केली. माझं मत कुठेही नाही. हात थरथरत होता.

पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. सांगतही नाहीत, ज्याला कळायलाच हवं त्यालाच कळतं. त्या रविवारी मला झोप लागली नाही. पण विचार केल्यावर पटलं, स्टाफरूमच्या चहाबरोबर त्या मुलाची गोष्ट फिरावी असं मलाही कुठे हवं होतं?

आरोप शाळेतल्याच माणसावर असला तर तो मुख्याध्यापकांकडे जातो, मुख्याध्यापकांवरच असला तर व्यवस्थापन मंडळाच्या अध्यक्षांकडे. गंभीर असेल तर एका कामाच्या दिवसात स्थानिक प्रशासनाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. शाळेने आपल्याच माणसाची आपणच चौकशी करून प्रकरण मिटवायचं, ही वाट ठेवलेली नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं कुणी म्हणू नये. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा ह्याबाबतीत कडक आहे. गुन्हा घडेल अशी नुसती शंका आली किंवा घडल्याचं कळलं, तरी पोलिसांना कळवणं कलम 19 प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. तरीही ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला शाळेतच अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांच्या पालकांना तक्रार नोंदवायलाच तासन्‌तास थांबावं लागलं. त्यानंतर सगळीकडे चर्चा झाली ती सीसीटीव्हीची. कॅमेरा हवाच. पण मूल कॅमेऱ्याला सांगत नाही.

मागच्या वेळी घरी आले तेव्हा वहिनीबरोबर भाचीच्या शाळेत गेले होते. ऑफिसात विचारलं, एखाद्या मुलाला काही सांगायचं असेल तर कोणाला सांगायचं? उत्तर आलं, ‘‘मॅडम, आमच्याकडे असलं काही होत नाही.’’ मी चिडून काहीतरी बोलणार होते, वहिनीने हात धरला. पुढच्या पालकसभेत तिने स्वतः उभं राहून तोच प्रश्न विचारला. फोनवर मला सांगत होती, सभेत कुणी हूं की चूं केलं नाही. पण ती गेटबाहेर स्कूटी काढत असताना दोन जणी येऊन थांबल्या. एक म्हणाली, ‘‘ताई, पुढच्या सभेला आम्हीपण विचारू.’’ दुसरी काहीच बोलली नाही, वहिनीचा नंबर तेवढा मागून घेतला.