हायड्रॉसच्या पिंपावर निळे लेबल का नाही?

कोल्हापूर जिल्ह्यात हायड्रॉस ठाऊक नसलेला माणूस विरळा. गुऱ्हाळावर गुळाचा रंग उजळावा म्हणून काहिलीत जी पांढरी पावडर टाकली जाते ती हीच, आणि इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, एरवी पाण्यात न विरघळणारा व्हॅट रंग विरघळून सुतात शिरावा म्हणून कॉस्टिक सोड्याच्या जोडीने जी घालतात तीही हीच. रासायनिक नाव सोडियम हायड्रोसल्फाइट किंवा सोडियम डायथायोनाइट. गुळातून ती खाणाऱ्याच्या पोटात किती जाते याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण हीच पावडर गोदामात नुसती पडून असताना काय करू शकते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. माझा संबंध येतो तो या दुसऱ्या बाजूशी. कारखान्यांतील रसायनांची धोक्यानुसार वर्गवारी तपासायची आणि त्यावरून कोणते पिंप कुठे, कशाशेजारी आणि किती ठेवायचे हे ठरवून द्यायचे, हे माझे काम.

अलीकडे अशाच एका प्रोसेस हाऊसचे रसायन-गोदाम पाहताना तिथल्या स्टोअरच्या मामांनी मला विचारले, "साहेब, ह्याला पाण्याचंच भ्या हाय न्हवं? मग ह्याच्यावर त्ये निळं लेबल का न्हाई?" प्रश्न अगदी बिनतोड होता. वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पाण्याशी संपर्क आल्यावर धोकादायक ठरणाऱ्या पदार्थांचा वर्ग ४.३ असतो आणि त्याचे लेबल निळे असते. हायड्रॉसच्या पिंपावर मात्र वरचा अर्धा भाग पांढरा आणि खालचा अर्धा लाल असलेले चौकोनी लेबल असते, म्हणजे वर्ग ४.२, आपोआप पेट घेऊ शकणारे पदार्थ. धोकादायक मालाच्या ओळखीसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १३८४. पाण्याचा थेंब लागू देऊ नका म्हणून सगळे बजावतात आणि लेबल मात्र पाण्याबद्दल चकार शब्द काढत नाही, हे मामांना खटकले होते.

याचे उत्तर व्याख्येत आहे. वर्ग ४.३ मध्ये पदार्थ बसतो तो पाण्याशी संपर्क आल्यावर ज्वलनशील वायू सोडत असेल तर. एक किलो पदार्थातून ताशी किमान एक लिटर, अशी त्याची खालची मर्यादा आहे. कॅल्शियम कार्बाइडमधून ॲसिटिलीन निघतो, ॲल्युमिनियमच्या भुकटीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ते निळ्या लेबलाचे मानकरी. हायड्रॉस ओला झाला की त्याचे विघटन होऊन थायोसल्फेट आणि बायसल्फाइट तयार होतात, उष्णता बाहेर पडते आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो. हा वायू घातक आहे, पण तो जळत नाही. त्यामुळे व्याख्येच्या चाळणीतून हायड्रॉस खाली गळतो. पाणी इथे ठिणगीचे काम करते, इंधन पुरवत नाही. आणि वर्गवारी करणाऱ्यांनी ठिणगी कोणती यापेक्षा पदार्थ स्वतःच तापत जातो या गुणाला महत्त्व दिले आहे.

तो गुण कसा मोजतात हे पाहिले म्हणजे साठवणुकीचे अर्धे नियम आपोआप समजतात. तारेच्या जाळीचा एक घनाकृती डबा घेतात, त्यात पदार्थ भरतात आणि १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत २४ तास ठेवतात. या काळात पदार्थ पेटला, किंवा त्याचे तापमान भट्टीपेक्षा ६० अंशांनी वर गेले, तर तो स्वतः तापणारा ठरतो. १० सेंटिमीटर बाजूच्या डब्यात असे घडले तर पुढच्या चाचण्या करून पाहतात; पण अडीच सेंटिमीटर बाजूच्या इवल्याशा डब्यातही घडले, तर पदार्थ थेट पहिल्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, श्रेणीत जातो. हायड्रॉस या पहिल्या श्रेणीत आहे. १४० हा आकडाही असाच निवडलेला नाही. कोळशाचा २७ घनमीटरचा ढीग ५० अंशांवर आपोआप पेटू शकतो, त्या मापाला जुळणारे तापमान एक लिटरच्या डब्यासाठी काढले तेव्हा ते १४० आले. म्हणजे या सगळ्या चाचणीच्या मुळाशी ढिगाचा आकार आहे. लहान ढिगाची उष्णता पृष्ठभागावरून निसटून जाते, मोठ्या ढिगाच्या पोटात ती अडकते आणि वाढत जाते. म्हणून बाटलीतला हायड्रॉस आणि एकावर एक तीन थरांत रचलेली पन्नास किलोंची पिंपे यांचा धोका सारखा धरता येत नाही, जरी दोन्हींवर लेबल एकच असले तरी.

याच कारणाने रसायनाच्या माहितीपत्रकात, ज्याला आपल्याकडे अजूनही सगळे एमएसडीएस म्हणतात, स्वतः तापणाऱ्या पदार्थांसाठी एक ठरावीक वाक्य असते: अमुक किलोंपेक्षा जास्त साठा अमुक अंशांखालील तापमानात ठेवा. हे दोन्ही आकडे पुरवठादाराने भरायचे असतात. माझ्या हाती आलेल्या एका पत्रकात त्या दोन्ही जागी टिंबे तशीच राहिली होती. पुरवठादाराला फोन केला, तेव्हा समोरून "तो स्टँडर्ड फॉरमॅट आहे" असे उत्तर मिळाले. फॉरमॅट स्टँडर्ड आहे हे मान्य. टिंबे भरणे हेच तर त्यात करायचे काम असते.

आता आगीकडे येतो, कारण वर्गवारी चुकीची वाचली की सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. "याला पाण्याचे भय आहे" एवढेच डोक्यात बसलेला माणूस हायड्रॉसच्या पिंपातून धूर येताना पाहून पाण्याची नळी बाजूला ठेवतो आणि वाळूची बादली उचलतो. ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहे, पण इथे ती उपयोगाची नाही. हायड्रॉसला जळत राहण्यासाठी बाहेरची हवा लागतेच असे नाही. हवा नसतानाही १५० अंशांच्या पुढे त्याचे जोमाने विघटन होते आणि त्याची उष्णता तोच पुरवत राहतो. त्यामुळे वाळूने किंवा कार्बन डायऑक्साइडने गुदमरवून तो विझत नाही. उत्तर अमेरिकेतील अग्निशमन दले जी आपत्कालीन मार्गदर्शिका वापरतात, तिच्यात या गटातील इतर पदार्थांना पाणी वर्ज्य सांगून १३८४ या क्रमांकाला मुद्दाम अपवाद केला आहे: आग लहान असो वा मोठी, भरपूर पाण्याचा मारा करून प्रक्रिया थांबवा, झाकून विझवण्याचा प्रयत्न निष्फळ ठरेल. थोडे पाणी विघटन सुरू करते, पुष्कळ पाणी उष्णता शोषून आणि पावडर विरघळवून ते थांबवते. वाईट आहे ते मधले पाणी: छताची गळती, ओला मग, अर्धवट विझवून सोडलेले पिंप. (या पाण्याचे पुढे काय, हाही प्रश्न आहेच. ते सल्फाइटने भरलेले असते आणि पाण्यातला विरघळलेला प्राणवायू ओढून घेते. गटारातून पंचगंगेत जाऊ दिले तर तिच्या आधीच्या दुखण्यात भर. म्हणून गोदामाला बांध आणि सांडपाण्याचा खड्डा हवा.)

ओला मग हे मी उदाहरणासाठी घेतलेले नाही. रंगखात्यात पिंपाचे झाकण उघडून प्लास्टिकच्या मगाने पावडर काढतात, ती रंगाच्या टाकीत टाकतात, टाकीच्या वाफेने ओला झालेला तोच मग परत पिंपात ठेवतात आणि आतली प्लास्टिकची पिशवी न बांधता झाकण नुसते वर टेकवतात. अशा पिंपात हात घातला तर वरच्या थरात खडे लागतात आणि काडी ओढल्यावर येतो तसा उग्र वास नाकात चढतो. खडे म्हणजे ओलावा शिरला आहे आणि वास म्हणजे विघटन सुरू झाले आहे. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या सरासरीसाठी २ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दोन भाग, दिलेली होती; बंद खोलीत झाकण उघडे राहिलेले एखादे बिघडलेले पिंप ती ओलांडायला पुरे. दम्याच्या माणसाला त्याहून कमी प्रमाणही सोसत नाही.

जीएचएस ही जागतिक वर्गवारी-पद्धत संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. तिच्या नऊ चिन्हांपैकी हायड्रॉसच्या वाट्याला ज्वाला आणि उद्गारचिन्ह ही दोन येतात. ज्वालेचे चिन्ह मला मनापासून अपुरे वाटते. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निघणाऱ्या इथेनॉलवर तीच ज्वाला, हवा लागताच पाच मिनिटांत पेटणाऱ्या पदार्थांवर तीच ज्वाला, पाण्याने पेटणाऱ्यांवरही तीच. चित्र एक आणि करायच्या गोष्टी परस्परविरुद्ध, असे असताना केवळ चित्र पाहून निर्णय घेणारा कामगार फसणारच. वाहतुकीची जुनी रंगीत लेबले या बाबतीत जास्त प्रामाणिक आहेत, आणि गोदामाच्या आतही ती लावायला माझी हरकत नाही. उद्गारचिन्ह आहे ते गिळल्यास अपायकारक म्हणून, तीव्र विषारीपणाची चौथी श्रेणी. युरोपीय यादीत या नोंदीपुढे एक छोटे ताराचिन्ह असते. जुन्या पद्धतीतील वर्गवारी नव्या श्रेणीत आणताना ती किमान म्हणून धरली आहे, असा त्याचा अर्थ. बहुतेक पत्रकांत तो तारा नकलून घेताना गळून पडलेला असतो.

युरोपीय यादीत आणखी एक इशारा आहे जो संयुक्त राष्ट्रांच्या चिन्हांत कुठेच बसत नाही: ॲसिडशी संपर्क आल्यास विषारी वायू सुटतो. डाईंगवाल्यांसाठी हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. व्हॅट रंगकामात आधी कॉस्टिक आणि हायड्रॉस, मग रंग पुन्हा पक्का व्हावा म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि शेवटी कापडातली अल्कली मारण्यासाठी ॲसेटिक ॲसिड, असा क्रम असतो. कामाचा क्रम तोच गोदामातल्या मांडणीचा क्रम होऊन बसतो, कारण काढायला सोपे जाते. अशा रीतीने आपोआप तापणारा पदार्थ, त्याला विषारी वायू सोडायला लावणारे ॲसिड आणि प्राणवायू पुरवणारे पेरॉक्साइड एका रांगेत येऊन बसतात, प्रत्येकाचे कागदपत्र स्वतंत्रपणे चोख असूनही.

मिश्रणांचा धोका घटकांवरून ताडता येत नाही याचे उदाहरण अमेरिकेत न्यू जर्सीतील लोडाय येथे २१ एप्रिल १९९५ रोजी घडले. नॅप टेक्नॉलॉजीज या कारखान्यात मौल्यवान धातू परत मिळवण्यासाठी लागणारे एक मिश्रण तयार होत होते. त्यात हायड्रॉस आणि ॲल्युमिनियमची भुकटी होती. मिक्सरमध्ये पाणी शिरले, मिश्रण तापत गेले, आणि ते बाहेर काढण्याचे काम चालू असताना स्फोट झाला. पाच कामगार दगावले. एक घटक ४.२ चा, दुसरा ४.३ चा. पहिल्याने उष्णता द्यायची, दुसऱ्याने ओलाव्यातून हायड्रोजन, असा तो जीवघेणा मेळ होता. हुपरीसारख्या चांदीच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्यासारख्याला ही हकीकत परकी वाटत नाही.

आपल्याकडे भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात सुधारणा होऊन धोक्याची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले, आणि १९८९ च्या धोकादायक रसायनांविषयीच्या नियमांत माहितीपत्रकाचा नमुना नवव्या अनुसूचीत दिला गेला. पण हे सारे कारखान्याच्या फाटकापर्यंत. गुऱ्हाळावर जाणारा हायड्रॉस पिंपातून सुटा काढून साध्या पिशवीत बांधून विकला जातो, तेव्हा लेबल, क्रमांक, पत्रक सगळे पिंपाबरोबर दुकानातच राहते. मी पाहिलेल्या एका गुऱ्हाळावर ती पिशवी चुलवाणाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती, ओल लागू नये म्हणून. एका बाजूने जळव्या चिपाड सारतो आहे, दुसऱ्या बाजूने काहिलीची वाफ पिशवीवर येते आहे. उष्णता आणि ओलावा, दोन्हींचा बंदोबस्त एकाच कोपऱ्यात. हवेत ९० अंशांच्या पुढे हायड्रॉसचे विघटन सुरू होते आणि चुलवाणाच्या भिंतीला तेवढे तापायला वेळ लागत नाही.

कोल्हापूरच्या गोदामांसाठी मात्र पत्रकात कधीच नसलेला एक मुद्दा मला प्रत्येक अहवालात हाताने घालावा लागतो, तो पुराचा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना पोहोचले की इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. अशा वेळी पिंपात हळूहळू झिरपणारे पाणी हे वर म्हटलेले "मधले पाणी" असते, आणि रस्ता पाण्याखाली असल्याने बंबही पोहोचत नाही. म्हणून पंचगंगेकाठच्या या प्रोसेस हाऊसला मी इशारा पातळीवर हायड्रॉस हलवायला सुरुवात करावी आणि धोका पातळीपर्यंत गोदाम रिकामे असावे, असे लिहून दिले. शिवाय जून ते सप्टेंबर साठा पंधरवड्याच्या गरजेपेक्षा जास्त नसावा, असेही. मालकांना पहिली सूचना पटली. दुसरीला त्यांचा विरोध आहे, कारण थोडा-थोडा माल मागवला की दर चढा लागतो आणि पावसात गाड्या वेळेवर येत नाहीत. त्यावर बोलणे चालू आहे. तोवर पिंपे एका थरात, मध्ये वारा खेळेल एवढी जागा सोडून उंच ओट्यावर मांडली आहेत, ॲसेटिक ॲसिड भिंतीपलीकडच्या खोलीत गेले आहे, आणि मामांनी हायड्रॉससाठी झाकणाला साखळीने बांधलेला स्टीलचा वेगळा मग ठेवला आहे. पेरॉक्साइडला जागा अजून शोधायची आहे.