इंदूरमध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पकडलो, त्यानंतरचे तीन महिने

मागच्या डिसेंबरात आतेभावाच्या मुलाचं रिसेप्शन बायपासवरच्या एका गार्डनमध्ये होतं. दोन पेग झाले, मग जेवण, मग तासभर गप्पा. सुदामानगरचा रस्ता पाठ आहे म्हणून गाडी मीच काढली. बायको शेजारी, सहा वर्षांची लेक मागे झोपलेली.

वाटेत एका चौराह्यावर बॅरिकेड लावलेले होते. शिपायाने काच खाली करायला लावली. त्याचा टॉर्च मागच्या सीटवर गेला आणि त्याने आवाज एकदम खाली आणला. "बच्ची सो रही है, आप बाहर आ जाइए." मशीनला नवीन नळी लावून फुंकायला सांगितलं. पहिल्यांदा मी मुद्दाम हळू फुंकलं, ते मशीनने धरलंच नाही. दुसऱ्यांदा आकडा आला ६२. मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे मी दुपटीच्याही वर. मी सांगत राहिलो की पूर्ण शुद्धीत आहे, गाडी सरळ चालवत होतो. पण दारूच्या बाबतीत कायदा शुद्धीचं विचारत नाही, आकडा बघतो. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी, रस्त्यावर उभं राहून कळलं.

मशीनमधून निघालेल्या चिठ्ठीवर सही केली. गाडी ठाण्यात गेली, लायसन्स त्यांनी ठेवून घेतलं. धाकटा भाऊ न्यायला येईपर्यंत बायको लेकीला खांद्यावर घेऊन कडेला उभी होती. पैठणीवरची शाल काढून तिने लेकीला गुंडाळली होती. ती मला एक शब्द बोलली नाही, आणि तिने बोलावं असं मला फार वाटत होतं.

सकाळी मी समजत होतो की चलान भरलं की झालं. ओळखीच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं की मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५ जागेवर दंड भरून मिटत नाही, कोर्टातच उभं राहावं लागतं. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सप्टेंबर २०१९ च्या आधी हा दंड २,००० पर्यंत होता. पुन्हा सापडलो तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. फुंकायला नकार दिला असता तरी सुटलो नसतो, सबळ कारण नसेल तर तो नकारच आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो. आमच्याकडे शिवरात्रीला ठंडाईत भांग असते, म्हणून तेही विचारलं. ते म्हणाले, "भांग मशीनमध्ये येत नाही, कलमात येते." अमली पदार्थांना ३० सारखा आकडा नाही. गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता, एवढं सिद्ध झालं तरी शिक्षा तीच.

कोर्टात पेशीला दोन फेऱ्या झाल्या. बाहेर एक जण "पाच हजारांत मिटवून देतो" म्हणत मागे लागला होता, त्याच्याकडे बघितलंही नाही. तुम्हीही बघू नका. आत सगळं दोन मिनिटांत आटोपलं. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मी हो म्हणालो. आवाज फुटेना म्हणून दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. १०,००० दंड झाला. पावती आणि कोर्टाचा आदेश दाखवल्यावर ठाण्यातून गाडी सुटली. आरसी, विमा आणि आधारच्या प्रती आधीच काढून ठेवा, मला त्यासाठी परत यावं लागलं. विम्याचंही त्याच वेळी वाचलं. त्या रात्री गाडी कुठे आदळली असती, तर नशेचं कारण देऊन कंपनी माझ्या गाडीची भरपाई नाकारू शकली असती.

लायसन्स आरटीओकडे गेलं आणि तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. ते तीन महिने लेकीला गाण्याच्या क्लासला रिक्षाने नेलं. एकदा तिने विचारलं, "बाबा, आपली गाडी बिघडली का?" मी क्षणभर थांबलो. मग म्हटलं, "नाही गं. मी दारू पिऊन चालवली, म्हणून माझं लायसन्स घेतलंय." ती "अच्छा" म्हणाली आणि बाहेर बघत राहिली. क्लास येईपर्यंत तिने माझं बोट धरून ठेवलं होतं.