आमची वाटचाल: लॅपटॉप उघडायचा तो गिऱ्हाइकासमोरच

सांगलीच्या गावभागात वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले, एलसीडी आले आणि दुरुस्तीला येणारा माल आटला. मी त्याच काउंटरच्या एका टोकाला लॅपटॉप घ्यायला लागलो तेव्हा वडील म्हणाले, "यात दुरुस्त करण्यासारखं आहे काय? सगळंच बारीक." पण सोल्डरिंगला हात त्यांचाच लागायचा.

पहिली काही वर्षं खरी अडचण कामाची नव्हती, संशयाची होती. कुठल्या तरी दुकानवाल्याने गुपचूप रॅम बदलली, बॅटरी जुनी घातली, अशा कहाण्या घेऊनच लोक यायचे. त्यातून आमचा नियम ठरला: मशीन गिऱ्हाइकासमोर उघडायचं, रॅम, डिस्क आणि बॅटरीचे सिरियल नंबर जॉबकार्डावर लिहायचे आणि खाली त्यांची सही घ्यायची. वेळ जातो, पण आमचा धंदा वाढला तो यावरच.

उघडण्याची रीत अजून तीच आहे. मशीन स्लीपवर नाही, पूर्ण बंद. चार्जर काढलेला. एका पुठ्ठ्यावर मागच्या कव्हरचं चित्र काढायचं आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी टोचायचा, कारण सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वर पाम रेस्टला, म्हणजे टाइप करताना तळहात टेकतो त्या जागी, टेंगूळ येतं. काही मॉडेलमध्ये एखाददुसरा स्क्रू रबरी पट्टीखाली लपलेला असतो. तो न काढता कव्हर ओढणारे बरेच जण नंतर आमच्याकडे येतात. कव्हर निघालं की आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, मगच बाकी कशाला हात.

आत काय दिसेल ते गिऱ्हाइकाच्या व्यवसायावर असतं. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवरून आलेल्या लॅपटॉपचा पंखा पिवळा असतो. पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. "मशीन स्लो झालंय, फॉरमॅट मारा," म्हणून आलेला माणूस हे बघून स्वतःच गप्प होतो. टचपॅड वर उचललेलं असेल तर बहुधा खाली बॅटरी फुगलेली असते. ती दाबायची नाही, टोचायची तर नाहीच. आम्ही ती वाळूच्या बादलीत ठेवतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. दुकानही पाण्यात होतं. पूर ओसरल्यावर विश्रामबागेत मेव्हण्याच्या गाळ्यात टेबल मांडलं आणि चिखलाने भरलेले लॅपटॉप यायला लागले. तांदळाच्या डब्यात ठेवलेलेही होते. त्याचा काही उपयोग होत नाही. बॅटरी जोडलेली राहिली तर ओल्या बोर्डावर वीज खेळत राहते आणि तांबं हिरवं पडत जातं. बॅटरी सोडवायची, बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवायचा. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत जातं. म्हणून बुडालेली डिस्क आम्ही फिरवून बघत नव्हतो, थेट डेटा रिकव्हरीवाल्यांकडे पाठवायचो. मशीन जाऊ द्या, हिशेब आणि लग्नाचे फोटो तेवढे काढा, असं सांगणारे जास्त.

लॉकडाउनमध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी अडगळीतले लॅपटॉप निघाले. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) घातली की बरेचसे कामाला लागायचे. रॅम मात्र जुळवूनच लागते: डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगळ्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

आता वेगळीच पंचाईत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. धडधाकट सातव्या पिढीवाल्याला नवीन मशीन घ्या असं लगेच सांगणं आमच्या जिवावर येतं. फक्त ब्राउझर आणि टायपिंग असेल त्यांना आम्ही विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम घालून देतो. बऱ्याच नवीन पातळ मशिनांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही. घेण्याआधी मॉडेल नंबर आम्हाला पाठवा, स्लॉट आहे की नाही ते बघून सांगतो. त्याचे पैसे घेत नाही.