विचारलं तर काय बिघडलं?

9 डिसेंबर 2023ला दादरच्या फलाटांचे नंबर बदलले. पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 तसेच राहिले, मध्य रेल्वेचे 8 ते 14 झाले. पूर्वी एकाच स्टेशनात दोन-दोन एक नंबर असायचे आणि नवखा हमखास चुकायचा. नवा हिशेब त्याच्याच सोयीचा. गंमत म्हणजे त्या दिवशी नवख्याचं काहीच अडलं नसणार. तो आधीपासूनच विचारत होता. पंचाईत पुलावरून सवयीने उतरणाऱ्या मुरलेल्यांची! त्यांनी विचारायचं कुणाला?

नम्रता म्हटलं की आपल्याला सत्कार समारंभ आठवतो. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि 'मी काय, साधा कार्यकर्ता!' मला तरी ही नम्रता फारशी पटत नाही. तिला माइक लागतो. चारचौघांत 'मला हे येत नाही, सांगता का?' म्हणता आलं तरी पुष्कळ.

माहीमच्या गोपी टँक मार्केटात एखादे गृहस्थ सुरमईकडे लांबूनच बघत जाणकाराच्या थाटात म्हणतात, "ताजी वाटत नाही." कोळीण एका नजरेत गिऱ्हाईक ओळखते आणि भावही त्याच थाटाचा सांगते. शेजारची मुलगी सरळ विचारते, "मावशी, मला यातलं काही कळत नाही. कसं बघायचं?" मावशीचा कोयता थांबतो. "ये इकडं. कल्ला उचल, आत लाल पाहिजे. डोळा बसका नको. आता बोट दाब. खड्डा राहिला तर घेऊ नको, माझ्याकडची पण नको."

शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी सचिनला कधी 'छान खेळलास' म्हटलं नाही, पोरगं हवेत जाईल म्हणून. 2013 साली वानखेडेवर निरोप घेताना सचिननेच हे सांगितलं. आता सामने उरले नाहीत, आता म्हणायला हरकत नाही, असंही सुचवलं. सचिनला ते मानवलं. पण सगळ्याच पोरांना हे औषध लागू पडत नाही. कधीच शाबासकी न मिळालेली काही मुलं प्रश्न विचारायचंच सोडतात.

हल्ली फोनला विचारलं की झालं, कुणासमोर अडाणी ठरायची भीती नाही. फोन गल्लीबोळ अचूक दाखवतो. पण 'मधल्या डब्यात चढा, उतरल्यावर पूल समोरच येतो' हे सांगायला शेजारी उभे असलेले काकाच लागतात, आणि ते आपणहून बोलत नाहीत.