जिमखान्याचा घसारा

मुंबईच्या एका उपनगरातील अनुदानित महाविद्यालयात मी लेखापाल आहे. आमच्या आवारातील ज्या दुमजली इमारतीत जिमखाना, उपाहारगृह आणि विद्यार्थी परिषदेची खोली आहे, तिला ३० वर्षे उलटून गेल्यामुळे मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे तिचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करून घेणे भाग होते. तपासणीच्या दिवशी अभियंत्यांनी एका खांबाचा कोपरा छिन्नीने फोडून त्यावर फिनॉल्फथॅलीन हे रंग बदलणारे रसायन फवारले. निरोगी काँक्रीट त्याने जांभळट गुलाबी होते. आमचे मात्र थेट सळयांपर्यंत पांढुरकेच राहिले. काँक्रीटमधली अल्कधर्मिता गेली की आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचे काँक्रीटचे कव्हर फुटून खाली येते, एवढे त्यांनी मला समजावून सांगितले.

महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत हा अहवाल आला, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याकडून दुरुस्ती शुल्क घ्यावे, असा संस्थेचा प्रस्ताव होता आणि त्याचा तक्ता मीच तयार केला होता. ठराव सहज संमत होईल, अशी माझी समजूत होती. परंतु विद्यार्थी परिषदेची सचिव, वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, शांतपणे म्हणाली, "सर, जिमखाना शुल्क आम्ही दरवर्षी भरतोच. इमारतीसाठी त्यातले किती बाजूला ठेवले आहे?"

मी खतावण्या उघडल्या. जिमखाना शुल्क क्रीडासाहित्य, स्पर्धांचे प्रवेशशुल्क आणि संघांचा प्रवास यांवर खर्च झाले होते, आणि त्यात गैर काहीच नव्हते. तिचा पुढचा प्रश्न घसाऱ्याविषयी, म्हणजे झिजेपोटी मालमत्तेची किंमत दरवर्षी हिशेबात कमी करण्याच्या नोंदीविषयी होता. ताळेबंदात या इमारतीवर दरवर्षी शिल्लक किमतीच्या १० टक्के घसारा लावला जातो; त्या हिशेबाने ३० वर्षांत मूळ किमतीच्या जेमतेम ४ टक्के उरतात. ही नोंद गेली कित्येक वर्षे मी स्वतः करत आलो होतो, पण तेवढी रक्कम वेगळ्या ठेवीत कधीच वळवली गेली नव्हती. इमारत झिजते आहे, हे आमच्या वह्यांना दरसाल ठाऊक होते. वाणिज्याच्या मुलीला ही गोष्ट मी समजावून सांगावी, हे जरा विचित्रच होते. तिला ती आधीच कळलेली होती.

त्यानंतरची चर्चा मी तक्त्यात न धरलेल्या गोष्टींवर गेली. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पैसे भरतील, पण दुरुस्त झालेला जिमखाना त्यांना वापरायला मिळणार नाही. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना शासनाकडून केवळ मान्य शीर्षकांखालील शुल्काचीच प्रतिपूर्ती मिळत असल्याने नवे शुल्क त्यांना खिशातून भरावे लागले असते. ठेकेदाराच्या देयकावरील १८ टक्के जीएसटीची वजावट आम्हाला मिळत नसल्यामुळे तो बोजाही अखेर विद्यार्थ्यांवरच पडणार होता.

शेवटी निम्मा खर्च संस्थेने उचलावा, शुल्काचे बँक खाते स्वतंत्र असावे, शेवटच्या वर्षाला आणि शिष्यवृत्तीधारकांना ते माफ असावे आणि यापुढे घसाऱ्याइतकी रक्कम दरवर्षी मुदत ठेवीत ठेवावी, असा सुधारित ठराव झाला. इतिवृत्तात सूचक म्हणून त्या सचिवाचे नाव आहे. विद्यापीठाच्या मान्यतेशिवाय नवे शुल्क लावता येत नसल्याने प्रस्ताव तिकडे गेला आहे. तोवर जिमखान्याच्या स्लॅबखाली लोखंडी टेकू उभे केले असून कॅरमचे बोर्ड माझ्या कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात मांडले आहेत.