उलटू का पान?

मे महिन्याच्या सुट्टीत लायब्ररीच्या एका कार्डावर एकच पुस्तक मिळायचं. मावसबहीण आमच्याकडे राहायला आलेली असायची आणि रहस्यकथा हाती लागली की दुसरीचं वाचून होईपर्यंत दम धरणं दोघींच्याही कुंडलीत नव्हतं. मग पलंगावर पालथं पडायचं, मध्ये पुस्तक, एक कोपरा ताईच्या कोपराखाली, दुसरा माझ्या. ताई भरभर वाचायची. तिचं पान संपायचं तेव्हा मी निम्म्यावर. "उलटू का पान?" "थांब ना!" आणि मग त्या थांबण्यात ती करणार काय? माझ्याकडे बघत बसायची. वाचताना माझे ओठ हलतात हा शोध तिने तिथेच लावला आणि पुढे लग्नकार्यांत सगळ्यांना सांगितला.

हे सगळं थेट इटालियन कवी दान्तेच्या नरकात भेटेल असं वाटलं नव्हतं. 'इन्फर्नो' म्हणजे त्याने स्वतःच्या नरकयात्रेवर लिहिलेलं काव्य; त्याचा पाचवा सर्ग वाचताना मी एका ठिकाणी अडले. नरकात भेटलेली फ्रान्चेस्का त्याला आपली गोष्ट सांगते आहे. ती आणि तिचा दीर पाओलो एक दिवस सहज, करमणूक म्हणून, आर्थर राजाचा सरदार लान्सलॉट आणि राणी यांच्या प्रेमाची कथा वाचत बसले होते. दोघंच होती, मनात काही नव्हतं. पण वाचता वाचता कितीदा तरी नजरेला नजर भिडली आणि चेहऱ्याचा रंग उडाला, असं ती म्हणते. मला वाटलं, हे तर आमचं थांबणंच! एका पुस्तकावर दोघं असली की कुणाचं तरी पान आधी संपतं आणि रिकाम्या डोळ्यांना कुठेतरी जावं लागतं. आमच्या पलंगावर त्यातून थट्टा निघाली. इटलीतल्या रिमिनीत या दोघांचे खून पडले.

कथेतल्या चुंबनाच्या जागेशी आल्यावर, फ्रान्चेस्का सांगते, याने थरथरत माझ्या ओठांचं चुंबन घेतलं, आणि त्या दिवशी आम्ही पुढे वाचलं नाही. बस. सातशे वर्षं लोक या एका वाक्यापाशी थांबून आहेत. मधली गंमत अशी की ज्या जुन्या फ्रेंच कथेवर हे सगळं घडलं, तिथे पुढाकार राणीचा आहे. तीच लान्सलॉटची हनुवटी धरते. फ्रान्चेस्काच्या आठवणीत मात्र प्रियकरच पुढे झालेला. स्वतःची बाजू मांडताना माणूस पुस्तकसुद्धा थोडं बदलून वाचतो.

वर दोष कुणाला, तर पुस्तकाला आणि ते लिहिणाऱ्याला! लान्सलॉट आणि राणीची गाठ घालून देणारा तो गालेओत्तो; आमचा गालेओत्तो हे पुस्तक, असं ती म्हणते. इटालियनमध्ये हा शब्द मध्यस्थ या अर्थाने आजही चालतो. "कादंबऱ्या वाचून डोकी फिरतात पोरींची," असं आमची आई म्हणायची, तेव्हा तिला पाठिंबा इतक्या लांबून, आणि तोही नरकातून, मिळेल असं कुणाला वाटलं असतं?

आता शिक्षा. वासनेपुढे विवेकाने मान टाकली, अशांचं हे दान्तेच्या नरकातलं दुसरं वर्तुळ. इथे आग नाही, कढया नाहीत. काळोख आणि वारा. कधीच न थांबणारं वादळ आत्म्यांना वर-खाली, इकडे-तिकडे भिरकावत राहतं. दान्तेला थंडीतले साळुंक्यांसारख्या पक्ष्यांचे थवे आठवतात, मग रांगेने ओरडत जाणारे क्रौंच. क्लिओपात्रा, हेलन, ट्रिस्टन, सगळी त्यात. जिवंतपणी ज्या ओढीने वाहून नेलं तीच आता खरोखरीचा वारा झालेली. खरं सांगायचं तर पुढच्या वर्तुळातल्या, गारा-चिखलात लोळणाऱ्या खादाडांपेक्षा यांचं बरंच बरं चाललंय. प्रेमात वाहवलेल्यांना दान्ते जरा हलक्या हाताने मारतो. तरुणपणी त्यानेही प्रेमाच्या कविता लिहिल्या होत्या. प्रेम आणि कोमल हृदय ही एकच गोष्ट, असं म्हणणारं सुनीत त्याच्याच नावावर आहे. फ्रान्चेस्का आपल्या बचावात जवळपास तेच त्याला ऐकवते. लिहिणाऱ्यालाही दोष दिला होता ना तिने! ऐकून हा बेशुद्ध पडतो, मेलेला देह कोसळावा तसा. मी तरी त्याला नावं ठेवणार नाही.

पाओलोचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. अख्ख्या सर्गात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. ती बोलते, तो शेजारी रडतो. ती त्याचं नावही घेत नाही. 'हा, जो माझ्यापासून कधी वेगळा होणार नाही.' आमची आजी उभ्या जन्मात आजोबांना 'हे' म्हणाली, त्याची आठवण झाली. फक्त फ्रान्चेस्काचे 'हे' वेगळे होते. लग्नाचे 'हे' म्हणजे जान्चोत्तो मालातेस्ता, पायाने अधू, पाओलोचा भाऊ. 1275 च्या सुमारास रावेन्नाच्या पोलेन्ता घराण्यातली ही मुलगी राजकारणाच्या सोयीने रिमिनीच्या मालातेस्तांकडे दिली गेली. पाओलोही बायको-मुलांचा धनी. लग्नात धाकट्याला दाखवून थोरला गळ्यात बांधला, ही हकिगत नंतर बोकाच्चो या लेखकाने सांगितली. ती खरी असो नसो, आपल्याकडच्या कुठल्याही गावात खपेल.

जान्चोत्तोने दोघांना मारलं. दान्तेची नरकयात्रा घडते 1300 साली, तेव्हा तो खुनी नवरा जिवंत होता. म्हणून फ्रान्चेस्का नुसतं सांगते की कायनात त्याची वाट बघताहेत. कायना म्हणजे सगळ्यात तळाच्या गोठलेल्या वर्तुळातला, नात्यातल्यांचा घात करणाऱ्यांचा भाग. जागा आधीच राखून ठेवलेली.

आणि हद्दपार दान्ते शेवटी राहिला कुठे, तर रावेन्नात, फ्रान्चेस्काच्या पुतण्याकडे. तिथेच 1321 मध्ये वारला. यजमानांच्या आत्याला आपण नरकात बसवलंय, हा विषय जेवताना निघत असेल का?

मागच्या महिन्यात ताई आली होती. दुपारी तिला हा सर्ग दाखवला. सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसलो, दोघींच्या नाकावर चष्मे, पुस्तक दोघींच्या मांडीवर. मी आधी वाचलेलं, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा माझं पान आधी संपलं. मान वळवून बघितलं तर ताईचे ओठ हलत होते.

"उलटू का पान?"

"थांब गं," ती म्हणाली. "तो अजून रडतोय."