मौन ते कसाने, डायनिंग टेबलावरून

आज पूर्ण रविवार बोत्स्वानात गेला. म्हणजे डायनिंग टेबलावर नकाशा पसरून, कोपऱ्यावर बाकरवडीचा डबा ठेवून.

मौन गावाहून निघायचं, मोरेमी, ख्वाई, सावुती ही जंगली प्राण्यांची ठिकाणं करत चोबे राष्ट्रीय उद्यानामार्गे कसाने गावाला पोचायचं. अंतर बघून ह्यांनी आधी "एवढंच?" म्हटलं. मग कळलं, बराचसा रस्ता वाळूचा आणि मधे पेट्रोलपंप एकही नाही. लो गिअरमध्ये गाडी डिझेल पिते ते वेगळंच. मौनलाच टाकी आणि वर दोन कॅन भरून घ्यायचे, वाळू लागली की टायरची हवा वीस psi च्या आसपास उतरवायची, आणि पुढे डांबर लागलं की परत भरायची. कॉम्प्रेसर यादीत पहिला लिहिलाय, चहापत्तीच्याही आधी!

सावुतीला जायला दोन रस्ते आहेत, एक वाळूच्या टेकाडावरून आणि एक काळ्या मातीतून. पावसात काळ्या मातीतून जाऊ नका म्हणतात. परभणीच्या माणसाला हे सांगायला नको. तरी आम्ही ऑगस्टमध्येच जाणार, तेव्हा तिथे पाऊस नसतो. गंमत म्हणजे ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात पाणी मात्र त्याच कोरड्या दिवसांत भरलेलं असतं. पाऊस पडतो अंगोलात, तो इथवर यायला काही महिने लागतात.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, गाडीच्या टपावर तंबू असतो, तिथेच झोपायचं, कॅम्पला कुंपण नाही.

"आणि रात्री बाथरूमला?"

दिवसभर नकाशा बघून हा प्रश्न आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.